स्लॅबच्या रांगेतला वरचा माणूस

न्हाई, खुर्ची नको मला. उभ्यानंच बोलते. गुडघे माझे हायेत, त्यांचं काय करायचं ते मी बघून घेईन. आन तो माईक बी तिकडं सरकवा. जन्मभर परांचीखालून वरच्या माणसाला हाका मारल्या, ह्या विहारातल्या माणसांना ऐकू जाणार न्हाई का मी?

जयभीम सगळ्यांना. परतूरचे आले, वाटूरचे आले, टेंभुर्णीहून माझ्या सासरचे आले, मिलिंदच्या बियाण्याच्या कंपनीतली पोरं आली. ऊन लय हाय, तरी आले. बरं केलं. माझी जीभ उचलत न्हाई, खरं सांगते. पण माझ्या भावाच्या, किसनच्या घरात आता बोलण्याच्या अवस्थेत दुसरं कोणी न्हाई, म्हणून उभी राह्यले.

माझ्या आधी जे बोलले ते चांगलंच बोलले. एक जण म्हणला, मिलिंद हसतमुख होता. बराबर. दुसरा म्हणला, काळानं झडप घातली. बिलकुल न्हाई. काळ ह्या पोराकडं तिसऱ्यांदा आल्ता. सांगून-सवरून आल्ता. ते कसं, तेवढंच सांगते आन बसते.

ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी सांगते. मी कौसाबाई, मिलिंदची आत्या. किसनची थोरली बहीण. चौथीतून शाळा सुटली आन डोक्यावर घमेलं आलं. स्लॅबच्या गँगवर काम केलं, आता मुकादम हाय. माझा विशाल आन मिलिंदची धाकटी बहीण सुजाता, ह्यांची सोयरीक ठरलीय हे तुम्हाला माहीतच हाय. मामाची पोरगी करायची, आपल्यात रीतच हाय ती. किसनची बायको बी आमच्या मामाचीच पोरगी. घरातल्या घरात.

मिलिंद शाळेत होता तव्हा त्याला मेंदूज्वर झाला. वाचला, पण डावा कान गेला. तव्हापासून तो माझ्या डाव्या अंगाला बसायचा, म्हणजे त्याचा चांगला कान माझ्याकडं. कॉलेजात गेला आन दुसऱ्यांदा तोच ताप. तव्हा भावकीतल्या काही जणांनी करणीची गोष्ट काढली. इथंच बसलेत ते. विहारात पुढं बसायचं, पंचशील म्हणायचं, आन घरी जाऊन करणी म्हणायचं. असो. संभाजीनगरला एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या म्हणल्या, हा रोग एकाच माणसाला दोनदा सहसा होत न्हाई, ह्याच्या रक्तातच काहीतरी कमी दिसतं. रक्त बाहेर तपासायला पाठवलं. कमी निघलं.

मंग एक दिवस तो माझ्या कामावर आला. परतूरला एका दुकानाचा स्लॅब चालू होता. मी म्हणले, "मिल्या, बाईंनी काय सांगितलं ते मला कळंल असं सांग. न्हाई तर सांगूच नको."

म्हणला, "आत्या, रक्तात पांढऱ्या पेशी असतेत. जंतू दिसला की गिळतेत."

"हे टीव्हीवर बी सांगतेत. पुढं बोल. माल सुकून राह्यला माझा."

"त्यांच्या जोडीला रक्तात अजून एक टोळी असती. पेशी न्हाईत त्या, त्याहून लय बारीक कण. एरवी झोपून असतेत. जंतू आला की पहिला जागा होतो, तो दुसऱ्याला जागा करतो, दुसरा तिसऱ्याला. हातोहात."

तेवढ्यात आमची रांग थांबली. वर माल ओतणारा शंकर तंबाखू मळायला खाली उतरल्ता. खालून मिक्सर माल देऊन राह्यला, आन बाया भरली घमेली डोक्यावर घेऊन जागच्या जागी उभ्या. एकीनं हाक मारली, "शंक्या, तुझ्या तंबाखूला लागो आग, मान मोडली माझी." दुसरी म्हणली, "खाली काय बसलास, वर चढ." मिलिंद हसत सुटला. म्हणला, "आत्या, बघ. माझ्या रक्तात हेच हाय."

"काय हेच हाय?"

"टोळीतले काही जण जंतूच्या अंगाला चिकटतेत. चुन्याची बोटं ओढल्यासारखं. मंग पेशीला कळतं, हा चोर, ह्याला गिळायचं. काही जण हाळी देतेत, पेशी तिकडं पळत येतेत. आन शेवटी जे असतेत ते मिळून जंतूच्या अंगाला भोक पाडतेत. भोकातून पाणी आत शिरतं आन जंतू फुटतो. माझ्यात त्या शेवटच्यांतला एक जणच न्हाई. जन्मापासून न्हाई."

"मंग बाकीचे काय करतेत?"

"घमेली घेऊन उभे राहतेत."

मी म्हणले, "एक गडी कमी तर काय एवढं? पेशी हायेत ना गिळायला."

म्हणला, "बाकीच्या जंतूंचं तेवढ्यावर भागतं. म्हणून तर सर्दी-पडसं मला तुझ्यापेक्षा जास्त होत न्हाई. पण हा मेंदूज्वराचा जंतू निसरडा हाय, आत्या. अंगावर गुळगुळीत पांघरूण घेऊन येतो, पेशीच्या हातातून निसटतो. त्याला भोकच लागतं."

मला कळलं. चौथी शिकलेलीला कळलं, म्हणजे सांगणाऱ्याचं कसब. मी त्याला म्हणले, तू शंकरच्या जागी चढ, तेवढं तरी काम होईल. चढला बी. शर्टाचा सत्यानाश केला.

आता ऐका. डॉक्टरीणबाईनं त्याला सांगून ठेवल्तं. लस घे. घेतली त्यानं. पण लस ह्या जंतूच्या सगळ्या जातींना पुरत न्हाई, म्हणून दुसरं सांगितलं. ताप आला की घरी बसायचं न्हाई. जो डॉक्टर पहिला भेटंल त्याला पहिलं वाक्य हेच सांगायचं, माझ्या रक्तात असं कमी हाय. बाकी सगळं मागून. आन तिसरं सांगितलं, बहिणीचं रक्त तपासा. कारण हे आईकडून आन बापाकडून, दोन्हीकडून आलं तरच होतं. भावात निघलं तर बहिणीत असू शकतं.

तिसरं केलंच न्हाई. किसन म्हणला, लग्न होऊ द्या, मंग बघू.

आन परवा दुसरं बी केलं न्हाई.

ताप आला, उलट्या झाल्या, मान आखडली. वाटूरच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरनं विचारलं, आधी काही मोठा आजार? किसन म्हणला, न्हाई साहेब, उन्हात गेल्ता. काहून म्हणला? तिथला कंपाउंडर माझ्या दिराचा पोरगा हाय. किसनला वाटलं, टेंभुर्णीला कळंल, त्या घरात रक्ताचा रोग हाय, पोरीची सोयरीक मोडंल. तापानं मिलिंदला बोलता येत नव्हतं. त्यानं बापाचा हात धरल्ता, आन बाप त्याच्या डाव्या अंगाला बसल्ता. बहिऱ्या कानाकडं. बापानं काय सांगितलं ते त्याला ऐकू बी आलं न्हाई. हे मला सुजातानं सांगितलं, ती उशाशी होती. डॉक्टरनं उन्हाचं समजून औषध दिलं. त्यांचा काय दोष? जे सांगितलंच न्हाई ते त्यांना कुठून कळावं? दिवस मावळायच्या आत अंगावर जांभळे डाग उठले. जालन्याला पोचला, पण वेळ गेल्ता.

काय म्हणलास किसन? इथं नको बोलू?

मंग कुठं बोलू? घरात बोलायचं तर तू दार लावून बसतो.

खाली बघू नको. मी तुला पाडायला उभी न्हाई राह्यले. तू लबाड न्हाईस. पोरीसाठी तोंड बंद ठेवलं, आन पोरगा गेला. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत हाय. लोक तुला धीर धर म्हणून राह्यले, मी म्हणणार न्हाई. कुठून धरशील? पण एक सांगते. स्लॅबवर शंकर वर नव्हता हे आम्हाला दिसलं, म्हणून आम्ही हाका मारल्या. वरचा माणूस न्हाई हे लपवून ठेवलं असतं, तर बाया तशाच उभ्या राह्यल्या असत्या, आन माल डोक्यावर दगड झाला असता. तू तेच केलं बाबा. दुसरं काही न्हाई केलं.

आता माझे दीर. भाऊजी, तुम्ही बी बसलात, बरं झालं. तुमच्या पोरानं दवाखान्यातलं टेंभुर्णीला न्यायच्या आधीच मी सगळ्यांपुढं सांगून टाकलं. लपवायला काही ठेवलं न्हाई. कालपासून तुम्ही विशालला बाजूला घेऊन काय बोलून राह्यले ते मला माहीत हाय. ती पोर नको, त्या घरात रोग हाय. भाऊजी, त्या घरात म्हणजे कोणत्या घरात? किसन माझा सख्खा भाऊ. त्याच्यातनं मिलिंदमध्ये गेलं, तर माझ्यात बी असू शकतं. माझ्यातनं विशालमध्ये असू शकतं. पोरीचंच रक्त काहून बघायचं? रोग काय फक्त मामाच्या घरी राहतो, आत्याच्या घरी येत न्हाई?

सुजाता, इकडं बघ. काल तू मला विचारलं, आत्या, माझं बी तसंच निघलं तर? मी तव्हा उत्तर दिलं न्हाई. भाकरी थापत होते म्हणून न्हाई. चार माणसांसमोर द्यायचं होतं म्हणून.

निघलं तर निघलं. लस हाय. ताप आला की पळायचं हाय. दोनदा वेळेवर दवाखान्यात नेला, म्हणून तर मिलिंद वाचला. उद्या सकाळी परतूरहून रेल्वेनं संभाजीनगरला जायचं. तू, विशाल आन मी. तिघांचं बी रक्त द्यायचं. किसन, तुला यायचं तर ये, न्हाई तर दार लावून बस. रिपोर्ट काय बी येवो, माझ्याकडून ही सोयरीक मोडत न्हाई. डॉक्टरीणबाई समजावून सांगतील, लेकराबाळांचं काय, धोका किती. ते ऐकून लग्न करायचं का न्हाई ते तुम्ही दोघं ठरवा. तुला नको वाटलं तर नको म्हण, मी रागवणार न्हाई. पण भिऊन कोणी गप बसायचं न्हाई. ह्या घरात आता कोणी गप बसायचं न्हाई.

लय बोलले. इतकं मी कामावर बी बोलत न्हाई.

मघापासून डाव्या अंगाला कोणी न्हाई माझ्या. सवय व्हायची हाय.

उभे राहा सगळे. डोळे मिटा, नका मिटू, तुमची मर्जी. मिलिंदसाठी घडीभर गप राहा तेवढं. त्याचं झालं की सावलीसावलीनं घरी जा. आन जाताना मला कोणी काही विचारायला येऊ नका. सोयरिकीचं न्हाई, रक्ताचं न्हाई, मिलिंदचं तर बिलकुल न्हाई. सांगायचं ते सांगून झालं, आता मी बोलणार न्हाई.