मल्लय्याचं नाव आधी आलं म्हणून

अरे, सिरोंच्याच्या चौकीतला तो जबाब आठवला की अजून डोकं तापतं. वनरक्षकाने मल्लय्या नावाच्या मासेमाराला बदडलं होतं. त्याची बायको तेलुगूत म्हणाली, "मल्लय्याला मारलं गार्डने." अर्धवट तेलुगू येणाऱ्या फौजदारांनी लिहिलं, 'मल्लय्याने गार्डला मारलं.' बातमीसाठी तिथे बसलेला मी ओरडलो,

"साहेब, उलटं लिहून राह्यले तुम्ही!"

"मल्लय्याचं नाव आधी घेतलं ना तिनं?"

"आधी येईल तो मारणारा, हे इंग्रजीत. तेलुगूत अन् मराठीत नावाचा प्रत्यय पाहा लागते, जागा नाई!"

"मले शिकवू नका. बाई, लावा अंगठा."

अंगठा लागला की मल्लय्या आत. मी कागदावर पंजा ठेवला.

"बातमीत तुमचं नाव एकदम शेवटी टाकतो, साहेब. खोटा जबाब कोणी लिहिला, ते तरीही कळेलच."

साहेबांनी कोरा कागद मागितला.