सरकलेला ठिपका

न्हाय वो सिद्धारामअण्णा, हे न्हवंच की ते फोटो! ह्यात नुसतं काळं आन् पांढरे ठिपके—आमच्या ह्यांनी धुवायला टाकलेल्या रोलातले खरे फोटो दावा. तुमी फोटोवाले, बाप्या माणसाचीच बाजू घेणार, माहिताय मला. आमचे हे सायन्सचे मास्तर झाले म्हणून काय झालं? उन्हाळ्यात सगळी शुक्रवार पेठ गच्चीवर झोपती, आन् हे फळीवर कॅमेरा बसवून स्क्रू फिरवत बसतात—कुणीकडं तोंड करून? पलीकडच्या गच्चीवर दाक्षायणी झोपती, तिकडंच! विचारलं तर म्हणे, आकाश बगतो. आकाश काय तेवढ्याच कोपऱ्यात हाय व्हय?

हा शुक्रवारचा, हा मंगळवारचा म्हणता? एकाच जागेचे? खोटं! थांबा, दोन्ही शेजारी धरते—रोज दारात ठिपक्यांची रांगोळी घालते मी, मला फसवू नका. हे तीन हितं, हे तीन तितं, बराबर; हा जाड, त्योबी बराबर... आन् हा? शुक्रवारी ह्या दोगांच्या मधी हाय, मंगळवारी न्हाय—बाजूला सरकलाय बगा! पकडलं की न्हाय? फोटो बदललात तुमी! दचकलात का वो? ओरडताय कशाला? काय—लघुग्रह? चांदण्या जागच्या जागी आन् ह्यो एकटाच धोंडा त्यांच्यातनं चालतो? आन् असला धोंडाच आमचे हे दोन वर्षं शोधायलेत?

अय्यो. म्हंजे दाक्षायणी न्हाय.

बरं वाटलं म्हणू का वाईट, काय की! बाई असती तर तिच्या झिंज्या तरी धरल्या असत्या—धोंड्याचं काय धरू? दसऱ्यापासनं मी अंथरूण खाली सासूबाईंच्या खोलीत घातलंय, अण्णा, ह्या उकाड्यातसुदिक तितंच—ह्यांना अजून पत्ता न्हाय. आकाशातलं एवढंसं हललेलं शोधतात, आन्... जाऊ द्या, काय बोलून बसले मी. लई वाईट वाटतं, एवढंच.

न्हाय न्हाय, पेन ठेवा खाली! खूण करायची न्हाय त्याच्यावर. पाकीट हाय तसंच द्या ह्यांना, आन् सांगा, तुमच्या बायकोला सापडलाय, कुटं हाय ते तिलाच विचारा. विचारू द्या मला. तेवढ्यासाठी तरी तोंड उघडू द्या माझ्याशी. माझ्याकडं काय बगत बसलात? गिऱ्हाईक आलंय तुमचं, तिकडं बगा की.