तिसरं प्रकरण

डोंबिवलीतल्या आमच्या वाचनालयात पुस्तक बदलायच्या रांगेत माझ्यापुढे एक आई आणि तिची दहावीतली मुलगी उभी होती. मुलीच्या हातात किशोरवयातल्या भीतीवर मात करायला शिकवणारं पुस्तक होतं. त्याला खाकी कव्हर घातलेलं.

"आई, हे आज बदलायला नको ना. मला परत वाचायचंय."

"इतके दिवस काय केलंस? रोज एक प्रकरण दिलेलं मी तुला."

"तू रोज संध्याकाळी प्रश्न विचारायचीस. मला नुसतं वाचायचं होतं."

"विचारल्याशिवाय डोक्यात राहतं का काही? योगिनी, प्रिलिमला पेपर सोडून रडत बाहेर आलीस. बोर्डाला असं झालं तर? वर्ष जाईल अगं. चल, नंबर येईपर्यंत तिसरं प्रकरण घेऊ. भीतीची लक्षणं सांग."

"इथे नको. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. हे काका काही हसणार नाहीत तुला. सांग."

"छातीत धडधडतं."

"पुढे?"

"हात गार पडतात. तोंड कोरडं पडतं."

"अजून एक आहे."

"श्वास पुरत नाही. समोरचं माणूस खूप लांबून बोलतंय असं वाटतं."

"बघ, सगळं पाठ आहे. उगाच घाबरतेस."

"पाठ नाहीये, आई. आत्ता होतंय."

"बरं, मग आता उपाय सांग. पहिल्यापासून."