दोघांपुरती गाडी

तीन मानसं झोपतात? — मग नको. नको बाबा, पुढची दाखव. मला दोघांपुरतीच पायजे. दोघं झोपतील, आन तिसरा आला तर त्याला पाय ठेवायला जागा मिळनार नाय, अशी. हसतोस काय? तुझ्या ह्या गोखिवऱ्याच्या शेडमदे सगळी गिऱ्हाइकं मोठी गाडी मागत येत असतील, मी ल्हान मागतो, बस. बोलेरोच्या मागं लावायची, कच्च्या रस्त्यानं जानारी, आत झोपायची-रांधायची सोय असलेली — कॅम्पर म्हनतात ना तिला? — ती घ्यायला आलोय मी, उगाच हात लावून बघायला नाय. ओढनार कोन? कल्पेश, माझा पोरगा. तो तिसराच झाला म्हनतोस? नाय नाय, तो त्याच्या बोलेरोत झोपंल, सीट पाडून. पोटचा पोरगा तिसरा नसतो. तिसरा म्हनजे तिसरा. तुला नाय कळायचं, मितेश, तुझ्या लग्नाला चार वर्षं झाली असतील. माझ्या शेहेचाळीस झाली.

हां, ही बघू. थांब, तो कागद नको देऊ, मला वाचता येत नाय, कशाला लाजवतोस. मला खालून बघायची असते गाडी. नाय, मी वाकत नाय — धोतर मळंल, नवं हाय — तूच वाक जरा आन मोबाईलनं फोटो काढ खालून, त्यात बघतो. काढला? दे. हे स्प्रिंगचे पाटे. किती हायेत, चार? चार कमी पडतील, खड्ड्यात आपटली की आतली भांडी भांडतील. आन ही पान्याची टाकी पार मागं का टाकलीस? टाकी भरली की गाडी मागं झुकंल, पुढचा हुक वर उचलंल, मग कल्पेशच्या मागं ती सापासारखी हलत जाईल. वजन चाकाच्या वर पायजे, आन जरासंच पुढं. मला कोनी शिकवलं? मिठानं. नायगावच्या खाडीवर तुझा आजा न मी वीस वर्षं मिठाच्या गाड्या भरल्या. मागं चार पाट्या जास्त पडल्या की जू बैलाच्या मानेवरून उठायचं, गळ्याला फास बसायचा. बैल बोलत नाय, तुझा हुकपन बोलायचा नाय. — आन चाक बोलेरोचंच लाव, म्हनजे रानात एकच जादा चाक दोघांना चालंल. बघ, लिहून घे. मी फुकट सांगतोय.

पैसे किती? अडीच. फार तर पावनेतीन, त्याच्या वर मला नको दाखवू, रात्री झोप यायची नाय. आन पत्रा रंगवलेला नको, जस्ताचा पायजे. मीठ लोखंड खातं. — मिठातच न्यायची हाय मला ती. फ्लॉईडनं नेली ना.

कोन फ्लॉईड? शेजारी माझा. भिंतीला भिंत. एका खाडीत पोहायला शिकलो आम्ही, त्याची बायको रोवेनाबाय आन माझी कमळी एका विहिरीवर पानी भरून म्हाताऱ्या झाल्या. नाताळात त्यांच्याकडून करंज्या येतात, गनपतीत आमच्याकडून जातात. मानूस चांगला हाय. वाईट हाय असं मी कधी म्हनालो? पन त्याचं बघ कसं असतं — आमच्या दारात बोअरवेल आली, त्याच्याकडं आधीच आलेली. मी कल्पेशचं घर बांधायला काढलं, त्याच्या पोरीचं, टिफनीचं, दोन माळ्यांचं बांधून झालेलं. मी टीव्ही घेतला तेव्हा तो म्हनाला, रामू, हा आमच्यासारखाच हाय रे. आमच्यासारखाच! — हेवा नाय हां वाटत मला. हेवा कशाला वाटंल, त्याचं त्याच्यापाशी. तर गेल्या वर्षी त्यानं ही असली गाडी घेतली आन आमच्या भिंतीला लावून उभी केली. आठ महिने उभी होती. मी मान वळवून बघितलं नाय तिच्याकडं. एकदापन नाय. मोगरा खुडायला जाताना मी त्या बाजूचा डोळा मिटून जायचो, खोटं सांगत नाय. आता महिना झाला, भिंतीपाशी दिसत नाय ती. भाड्यानं दिली असंल कोनाला. त्याला काय कमी.

आत कोन बघायचं? कमळी बघायची. चाराचा चहा तिथं. रोवेनाबाय न ती, आत बसून, खिडकीला पडदे कसले लावू न काय लावू. हसायच्या. माझ्या घरात ती हसत नाय असं नाय, पन ते हसनं वेगळं होतं, मितेश. ते मी लग्नाच्या पयल्या वर्षी ऐकलं होतं, मग कधी ऐकल्याचं आठवत नाय. — ती बाटली सरकव इकडं, मला पन घोटभर पानी दे.

मग ते निघाले कच्छला. मिठाचं रान बघायला. फ्लॉईड आला विचारायला, चल रे रामू, चौघं जाऊ, आत येऊन बघ तर खरं. मी म्हनालो, मोगऱ्याचा हंगाम हाय. हंगाम नव्हता. परत आला, मी म्हनालो, भात झोडायचंय. तिसऱ्यांदा रोवेनाबाय आली, तिला काय सांगनार, मी आत जाऊन पडलो. संध्याकाळी कमळी म्हनाली, मला बघायचंय हो. सगळा जन्म तुमच्या अंगाला मिठाचा वास, मला एकदा ते न पिकवलेलं मीठ बघायचंय. मी काय म्हनालो असंन? मी म्हनालो, एवढी हौस असंल तर जा तू. — आपन असं म्हनतो ना? म्हनजे 'जा' म्हनजे काय 'जा' असतं? 'जा' म्हनजे बस गुमान घरात. बायकोला कळतं ते. शेहेचाळीस वर्षं कळत होतं. त्या दिवशी नाय कळलं. पिशवी भरली, दोन लुगडी, गोळ्यांचा डबा, आन दारात उभी राहून म्हनाली, जाते.

येते नाय म्हनाली. जाते म्हनाली. बाजारात कोलीम-जवळा आनायला निघाली तरी येते म्हनून निघनारी बाई. आपल्याकडं कोन 'जाते' म्हनतं? मी ओट्यावर बसलेलो. म्हनावं, अगं येते म्हन. मी सुपारी कातरत बसलो.

बारा दिवस. सून करायची जेवन, दिपिका, चांगली हाय पोर, पन ताट ठेवून मोबाईलवर बसायची. आठव्या दिवशी कमळीचा फोन आला, तो तोंड दिसनारा. दिपिकानं माझ्यापुढं धरला. बघतो तर काय, सगळं पांढरं. वर पांढरं, खाली पांढरं, आन मदे माझी बायको फ्लॉईडची टोपी घालून उभी. त्याची टोपी! ऊन होतं म्हने. म्हनाली, अहो बघा, बांध नाय, फळी नाय, कोन ओढत नाय, तरी मीठच मीठ, पाय बुडतोय. आन हसली. तेच हसनं. मी मीठ ओढून ओढून ह्या तळहाताचं चामडं केलं — हात लाव, लाव — आन मिठाचा समुद्र तिला दाखवला कोनी, तर एस.टी.त कंडक्टर होता त्यानं. मी म्हनालो, रेंज नाय, ऐकू येत नाय. चांगलं ऐकू येत होतं. फोन पालथा घातला मी चटईवर.

आली तेव्हा रुमालात मिठाचा खडा बांधून आनलेला. माझ्या हातावर ठेवला, चाखा म्हनाली. चाखलं. गोड होतं रे ते मीठ, मिठाला जी गोडी असते ना मागून येनारी, ती होती. मी थुंकलो आन म्हनालो, कडू हाय, कच्चं हाय. तिनं खडा उचलला आन बरनीत टाकला. त्या दिवसापासून चहा घरात पिते. फ्लॉईड भिंतीवरून हाक मारतो, मी ओ देत नाय. विचारलं मी तिला एकदाच, झोपत कसे होतात तिघं? ती म्हनाली, आम्ही दोघी आत, तो बाहेर खाटेवर, थंडीत कुडकुडायचा बिचारा. बिचारा! ते तिनं म्हनायला नको होतं.

म्हनून दोघांपुरती पायजे. मी नेनार तिला, कच्छला नाय, त्याच्याही पुढं कुठं असंल तिथं. असंल ना रे पुढं काय तरी, फ्लॉईडनं न बघितलेलं?

ती कोपऱ्यातली कोनाची? ती हिरवी. जुनी हाय पन रंगवलीस, होय? खाली पत्रा जस्ताचाच हाय ना? बसते आपल्या पैशात? मग ती का लपवलीस मघापासून, पुढं लोटून ठेवायची ना. पाटे बघ हिचे — सहा. टाकी चाकावर. बनवनाऱ्याला अक्कल होती. दार उघड, आत जाऊन बघतो. ही पायरी ल्हान हाय, दोन टप्प्यांची, चढलो बघ मी, न धरता चढलो. खिडकी मोठी हाय. जागा चौघांची हाय म्हनतोस? असू दे, एक फळी काढून टाकू.

आता एक विचारतो, कोनाला सांगू नको. रानात ती… सोय कशी करतात? सकाळची. कमळीसाठी विचारतो, बायकांना अडचन होते म्हनून. लोकं डबा घेऊन झुडपामागं जातात, ते मला माहीत हाय, पन उकिडवं बसायला सगळ्यांना — म्हनजे बायकांना — जमत नाय ना. आत हाय? कुठं? ह्या कपाटात? — अरे. खुर्चीच हाय ही. उंच हाय. घरच्यापेक्षा उंच हाय. खालची बादली बाहेरून निघते? आन हा दांडा कशाला इथं भिंतीला? धरून उठायला. थांब, झाकन लावून बसून बघतो. बसलो. आता उठतो, तू हात नको देऊ, लांब राहा. — उठलो. बघितलंस? उठलो ना मी?

खरं सांगतो तुला. मोगरा नाय न भात नाय. गुडघे गेलेत माझे. दोन वर्षं झाली, उकिडवं बसलो की उठायला कोन तरी लागतं. घरी कमोड हाय, तिथं मी आत कडी लावून नळाला धरून उठतो, कोनाला कळत नाय. रानात काय करनार होतो? फ्लॉईडला हाक मारनार होतो, ये रे, मला उचल? साठ वर्षं खाडीत त्याच्या पुढं पोहलो मी. पोहन्यात तरी मीच पुढं होतो. बायको जाऊ दे म्हनालो, पन हे नको. मघाशीपन धोतराचं कारन सांगितलं तुला, तू काय मनात आनू नको.

कोनी करून घेतलं हे? तू बसवलंस? मग ज्यानं सांगितलं तो मोठ्या मनाचा असनार, बापासाठी केलं असंल. उंची मोजून घेतलीस? कोनाची उंची? — कोन? परत बोल. पंख्याचा आवाज येतोय, परत बोल.

फ्लॉईडची हाय ही, आन उंची माझ्या गुडघ्याची. म्हनून कोपऱ्यात लपवलीस होय. मी इथं फ्लॉईडचं उनंदुनं काढतोय आन तू फडकं घेऊन तीच तीच काच पुसतोयस. सांगायचं ना पोरा. — कधी बसवलं? कच्छला निघायच्या आधी? म्हनजे तो दोनदा विचारायला आला तेव्हा हे आत होतं? मग बोलला का नाय? … हां. बोलनार कसा. आळीत ओट्यावर उभं राहून बोलायची गोष्ट हाय का ती. 'आत येऊन बघ तर खरं' म्हनत होता, दोन्हीदा तेच म्हनत होता. आन मी एक डोळा मिटलेला. त्याला सांगितलं असंल कमळीनं. मी तिला कधी बोललो नव्हतो. कडी लावायचो मी, मितेश. ती बाहेर उभी राहत असंल.

विकली का त्यानं? … ज्याच्यासाठी बसवलं तो येत नाय, कमळीबायपन आता यायची नाय म्हनते, मग कशाला ठेवायची — असं म्हनाला? हसत म्हनाला की — नाय, राहू दे. नको सांगू.

बघ, ह्यातपन तोच पुढं गेला. गाडी त्यानं आधी आनली, मीठ त्यानं आधी दाखवलं, आन माझ्या गुडघ्यांची काळजीपन माझ्या आधी त्यानंच केली. मला काय ठेवलं काय ह्या मान्सानं? ह्याचं आता मी काय करू? चांगला हाय म्हनून भांडता येत नाय, आन विसरता तर त्याहून येत नाय.

टोकन? खिशात हात घालायला नको सांगू मला आत्ता. दुसरं गिऱ्हाईक आलंय तुझं, ते बघ. मी बसतो इथं जरा. अरे झाकन लावूनच बसतोय, घाबरू नको. नाय, पानी नको. फोनपन नको लावू कोनाला. तोंड काय बघतोस माझं? जा, दार लोटून घे.