पसरलेले पाय

सामोआ बेटांवरच्या आपिया शहरातल्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या.

"वहिनी, दादाचा पाय?"

"वाचला गं, लांगी! जखम उघडायच्या आत आलात, म्हणाली नर्स."

"पण साखरेमुळे त्याच्या पायांना काही कळतच नाही. मग कळलं कुणाला?"

"मला. आमचं भांडण जुंपलं, आणि रागाच्या भरात ह्यांनी पाय पसरले. तळवे थेट माझ्या तोंडासमोर!"

"अगं बाई! घरातसुद्धा पायांवर चटई ओढून बसणारा दादा? एवढा अपमान?"

"अपमान कसला! अंगठ्याखालच्या घट्ट्यात काळं रक्त साकळलेलं दिसलं, आणि माझं भांडणच विरघळलं."

"आणि आता?"

"आता रोज संध्याकाळची प्रार्थना झाली की मीच सांगते, 'चला, करा बघू माझा अपमान!'"