चमच्याचं फडकं

नाही नाही भैया, रेडिओचा सेट असाच कसा घेऊन जाता, तपासून घ्या — सिलतऱ्याहून एवढ्या उन्हात आले, अन् घरी जाऊन अँटिनाची वायर खराब निघाली तर मले शिव्या द्याल. द्या तो आमचा मीटर इकडे. मले काहून येते? आमचे हे गच्चीवर चढायचे, खालचं टोक मीच धरायची ना. हे पाहा — या टोकाची मधली पिन, त्या टोकाची मधली पिन — पीं! हे वाजलं पाहिजे. आता पिन अन् बाहेरचं कवच — हे नाही वाजलं पाहिजे. चूप आहे ना? म्हणजे चांगली आहे. आमच्या घरात आता सगळं चूपच आहे.

काय? तो आवाज? हेच ते, आतल्या खोलीत. लकव्यानं जीभ गेली, उजवं अंग गेलं, डावा हात तेवढा थोडा चालते. हॅम रेडिओवर दूरदूरच्या लोकांशी बोलणंच गेलं, मंग सेट ठेवून काय करू — म्हणून तर विकून राहिली. चमचा घेतात अन् पलंगाच्या दांडीवर घासतात. खर्र, टक, खर्र, टक — दिवसभर! डॉक्टर म्हणे नसांचं आहे, होते असं. माझं डोकं उठायचं, म्हणून फडकं गुंडाळलं चमच्याले — तरी चालूच. आज मीटर वाजला तर जास्तच जोर आला, पाहा. मले राग नाही येत आता, रडूही नाही येत. पेज भरवते, कूस बदलते, टीव्ही लावून देते. झालं.

दुसरी वायर लावू? — पीं — काहून भैया, उठले काहून? बोटावर काय मोजून राहिले? काय म्हणता — खर्र म्हणजे लांब, टक म्हणजे छोटं, तारेच्या भाषेतली अक्षरं — सी क्यू?

ते तर मले माहीत आहे. लग्न झाल्यापासून ऐकलं, रोज सकाळी माइक धरून तेच — सी क्यू, सी क्यू. मी चिडवायची, भाजीवाल्यासारखे काय ओरडता. तर म्हणायचे, शर्मिष्ठा, याचा अर्थ — कोणी आहे का तिकडे, असेल तर बोला माझ्याशी.

दिवाळीपासून घासून राहिले ते. अन् मी इथंच होती ना, भैया. भिंतीच्या अलीकडे. मीच फडकं गुंडाळलं.

नाही, सेट राहू द्या. वायरही राहू द्या. मीटरची ही दोन टोकं एकमेकांले लावली की वाजते ना — पीं — तसंच करायचं ना? ‘आहे’ म्हणायला आधी लांब का आधी छोटं? — नाही, नका सांगू. कसंही वाजवते मी, त्यांले समजते.

तुम्ही जा आता. दार ओढून घ्या.