मसुरातलं लोह

धान्य तपासणीच्या खिडकीपाशी माझ्यापुढे एक वयस्कर नवरा-बायको उभे होते. आत प्रयोगशाळेतली बाई.

“बाई, आमच्या मसुरात लोह किती निघालं?”

“इतकं, की माझा विश्वासच बसेना. काका, नमुना दळून आणलात तो कशात?”

“दळला कुठे? खलबत्त्यात कुटला. मी स्वतः, पार पीठ होईपर्यंत.”

“दगडी खलबत्ता?”

“छे, लोखंडी! आजोबांच्या वेळचा.”

“अहो, मग त्याचंच लोखंड पिठात उतरलं. आम्ही तेच मोजत बसलो.”

“म्हणजे मसुरात लोह नाहीच?”

“असेलही. पण या पिठावरून सांगता येणार नाही. अख्खे दाणे आणा, आम्ही इथे दळू.”

“आणि जस्त?”

“जस्त चांगलं आहे.”

“ऐकलंस का गं? जस्त चांगलं आहे!”

“ऐकलं.”

“उद्याच दाणे घेऊन येऊ दोघं.”

“तुम्ही या. मला हे जिने चढवत नाहीत.”

“हे कधीपासून?”

“घरात एवढं लोह पिकतंय म्हणून तुम्ही माझ्या गोळ्या बंद केल्यात ना, तेव्हापासून.”